स्टेपनीचा शोध

घाटात गाडीचा टायर बसला, की आपल्याकडे सर्वांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो, "स्टेपनी आहे ना?" ट्रकचा क्लीनर असो, एस. टी.चा ड्रायव्हर असो, की नवी कोरी मोटार घेतलेले डॉक्टर असोत, शब्द हाच. आणि ती असते कुठे? तर डिकीत. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द इंग्रजांकडून आलेले. पण आज लंडनच्या रस्त्यावर उभे राहून एखाद्या इंग्रजाला म्हटले, की "बाबा रे, डिकीतली स्टेपनी काढायला जरा हात लाव," तर तो नुसता बघत राहील. मोटारीच्या मागच्या कप्प्याला तो बूट म्हणतो आणि जादा चाकाला स्पेअर व्हील. डिकी म्हणजे जुन्या दोन माणसांच्या मोटारीत मागे, उघड्यावर, झाकण उचलून बसण्याची जागा. ती जागा गेली, तिथे सामान आले. नाव मात्र आपण टाकले नाही. स्टेपनीचेही तसेच झाले आहे, आणि तिची हकीगत जरा मोठी आहे.

आज मी बोलणार आहे ते या स्टेपनीविषयी, आणि तेही विशेषेकरून जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या स्टेपनीविषयी. साध्या गाडीची स्टेपनी खराब झाली तर आपण दुकानात जातो, माप सांगतो, आणि टायर घेऊन येतो. साठ वर्षांपूर्वीच्या जग्वारला किंवा एम. जी.ला टायर हवा असेल तर नुसते माप सांगून भागत नाही. ते माप ज्या काळात लिहिले गेले त्या काळाची लिपी आधी वाचावी लागते. ती न वाचता जो "बसला ना? मग झालं!" म्हणतो, तो आपल्या जिवाशी खेळतो.

पण आधी मुळाकडे जाऊ.

बैलगाडीला स्टेपनी लागत नाही. तिच्या चाकावर लोखंडी धाव असते, लोहार ती तापवून चढवतो, आणि ती वर्षानुवर्षे चालते. हाडे खिळखिळी होतात ती आत बसणाऱ्याची, चाकाची नव्हे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, आणि बसणाऱ्याची हाडे वाचली. मात्र त्या दिवसापासून प्रवाशाच्या मागे पंक्चर लागले. मोटारी आल्या तेव्हा रस्ते घोड्यांचे होते, आणि रस्त्यांवर पडलेले असत घोड्यांच्या नालांचे खिळे. चाके लाकडी आऱ्यांची, तुंब्याला कायमची जोडलेली. काढता न येणारी. टायर बसला की भररस्त्यात गुडघे टेकून तो रिमवरून पहारीने उचकटायचा, ट्यूब बाहेर काढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सगळे आत कोंबायचे आणि हातपंपाने हवा भरायची. पावसात, चिखलात, आणि बरोबर पाहुणे असतील तर त्यांच्यादेखत.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लानेली नावाचे गाव आहे. या नावाचा खरा उच्चार वेल्श माणसाखेरीज कोणाला साधत नाही. तेव्हा आपण लानेलीच म्हणू. पत्र्याला कथलाचा मुलामा देण्याच्या कारखान्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. तिथे टॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या कारागिराने १९०४ साली आपल्या वॉल्टर या भावाच्या साहाय्याने एक युक्ती काढली. नुसती एक धाव घ्यायची. तिला ना तुंबा, ना आऱ्या. तिच्यावर टायर चढवून हवा भरून ठेवायची. वाटेत टायर बसला, की तो तसाच राहू द्यायचा, ही भरलेली धाव त्या चाकाच्या शेजारी लावायची, पकडींनी घट्ट आवळायची, आणि हळूहळू मुक्कामाला पोचायचे. दोघा भावांचा उद्योग लानेलीतल्या ज्या रस्त्यावर सुरू झाला, त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. चाकाला रस्त्याचे नाव मिळाले, चाक जगभर गेले, आणि जाताना नावही घेऊन गेले. आपल्याकडे ते राहिले, बांगलादेशात राहिले, माल्टाच्या बेटावर राहिले. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारा माणूस जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतो, तेही हेच. खुद्द ती तुंब्याविना धाव मात्र पंधरा-वीस वर्षांत मागे पडली. ज्या वस्तूचे नाव आपण रोज घेतो ती आज फक्त संग्रहालयात दिसते.

ती मागे का पडली, हे शर्यतींच्या मैदानावर पाहावे लागते. १९०६ च्या जूनमध्ये, २६ आणि २७ तारखेला, फ्रान्समध्ये ल मां शहराजवळ पहिली ग्रां प्री शर्यत झाली. एक फेरी १०३ किलोमीटरांची, अशा बारा फेऱ्या, दोन दिवसांत. उन्हाचा तडाखा असा, की रस्त्यावरचे डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत उडत होते. गाडीचे वजन हजार किलोंपेक्षा जास्त नको, हा एक नियम. दुसरा नियम त्याहून कडक : वाटेत गाडीला हात लावायचा तो फक्त चालकाने आणि त्याच्याबरोबर बसलेल्या मेकॅनिकने. मिशेलिन कंपनीने काही गाड्यांना नव्या तऱ्हेच्या सुट्या धावा दिल्या होत्या. टायर चढवलेली, हवा भरलेली धाव चाकावर नटांनी बसवायची. इतर गडी चाकूने टायर कापून काढत आणि नवा चढवत, त्यात पाव तास सहज जाई. सुटी धाव असणाऱ्याचे तेच काम काही मिनिटांत उरके. रेनो गाडीवर फेरेंक सिस नावाचा हंगेरियन चालक होता. त्याने बारा तास आणि काही मिनिटांत शर्यत जिंकली. त्याचे इंजिन उत्तम होते यात शंका नाही. पण त्या उन्हात, त्या दगडधोंड्यांवर, विजयाचा मोठा वाटा त्या सुट्या धावांचा होता, हे त्या वेळच्या लोकांनीही ओळखले.

धाव सुटी होते, तर सबंध चाकच सुटे का होऊ नये? हे काम इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकलींच्या कारखान्याने केले. सायकलसारखे तारांच्या आऱ्यांचे हलके चाक, आणि मधोमध एकच मोठा नट. हातोड्याने दोन टोले घातले की नट सैल. चाक ओढले की बाहेर. नटाचे आटे गाडीच्या दोन बाजूंना उलटसुलट ठेवलेले असतात, जेणेकरून गाडी चालताना नट आपोआप आवळत जावा. ही चाके १९०८ च्या सुमारास प्रचारात आली आणि पुढे पन्नास-साठ वर्षे स्पोर्ट्स गाडीची ती ओळखच होऊन बसली.

आता स्टेपनी सबंध चाकाची झाली, तेव्हा तिला जागा हवी. स्पोर्ट्स गाडी म्हणजे आधीच अंग चोरून बांधलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर एम. जी. टी. सी. ही छोटी गाडी निघाली, १९४५ ते १९४९ या काळात. तिची स्टेपनी पाठीवर, पेट्रोलच्या टाकीला टेकून, उघडीच टांगलेली असे. जग्वारच्या शर्यतीच्या डी-टाइप गाडीत ती शेपटीत कोंबलेली, फोर्ड जी. टी. ४० मध्ये चक्क नाकात. शर्यतीच्या गाडीत स्टेपनी कशाला, असे कोणी विचारील. तर त्या काळच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतींची अटच होती, की गाडीत जादा चाक पाहिजे. कारण ही गाडी रस्त्यावरची आहे, असे मानायचे होते!

इतका इतिहास झाला. आता प्रत्यक्ष शोधाला लागू, आणि उदाहरणाला एकच गाडी घेऊ : जग्वार ई-टाइप. १९६१ च्या मार्चमध्ये जिनीव्हाला ती प्रथम लोकांपुढे आली, आणि ताशी दीडशे मैल वेगाची गाडी एवढ्या किमतीत कशी देता येते, याचे सर्वांना नवल वाटले. तिची स्टेपनी डिकीच्या तळाशी, फळीखाली, खोलगट जागेत आडवी झोपलेली असते. समजा, अशी एक गाडी आपल्या हाती आली. फळी उचलली. खालची जागा रिकामी. नाही तर आत भेगाळलेला, दगडासारखा झालेला एक टायर. आता काय आणायचे?

कारखान्याच्या पुस्तिकेत माप आहे : ६.४०–१५. म्हणजे टायरची रुंदी ६.४० इंच, रिमचा व्यास १५ इंच. टायर डनलॉपचा, रोड स्पीड जातीचा. पुढच्या काही वर्षांतल्या ई-टाइपवर दुसरेच लिहिलेले आढळते : १८५ व्ही. आर. १५. आणि १९७१ साली बारा सिलिंडरांची ई-टाइप आली तिच्यावर : ई ७० व्ही. आर. १५. एकाच नावाची गाडी, दहा वर्षांचा काळ, आणि मापाच्या तीन भाषा! पहिलीत इंच, दुसरीत रुंदी मिलिमीटरांत आणि रिम इंचांत, तिसरीत रुंदीच्या जागी एक अक्षर. रिमचा १५ हा आकडा मात्र तिन्हींत कायम, आणि नेमका तोच माणसाला फसवतो. "पंधराची रिम आहे हो," असे सांगून जो टायर घेतो, त्याला रिमवर बसणारे शंभर टायर मिळतील. गाडीला चालणारा एखादाच.

पहिला पेच टायरच्या विणीचा. ६.४०–१५ हा जुन्या विणीचा टायर. त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे चढवलेले असतात, खाटेची वीण असते तसे. याला क्रॉसप्लाय म्हणतात. १९४६ साली मिशेलिनने दुसऱ्या विणीचे पेटंट घेतले. तिच्यात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. पिंपाला कडे आवळतात तसा. हा रेडियल. १८५ व्ही. आर. मधला 'आर' तो हाच. रेडियलची बाजू मऊ, वळणावर ती लवते, पण तळवा रस्त्याला चिकटून राहतो. क्रॉसप्लाय सबंध अंगाने वाकतो आणि तळव्याची एक कड उचलली जाते. दोघांची पकड वेगळी, आणि ती सुटण्याची रीतही वेगळी.

आता बघा. चार चाकांवर क्रॉसप्लाय आहेत आणि डिकीत रेडियल स्टेपनी आहे. उजवीकडचे मागचे चाक बसले, आपण स्टेपनी चढवली. एकाच आसावर एका बाजूला एक वीण, दुसऱ्या बाजूला दुसरी. सरळ रस्त्यावर काही कळणार नाही. पावसाळी दिवशी वळणावर ब्रेक दाबला, की गाडी एका अंगाला ओढ घेईल. ब्रिटनच्या कायद्याने एकाच आसावर दोन विणींचे टायर घालायला मनाई आहे. आणि पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय यालाही मनाई आहे, कारण मग पुढचा भाग वळणाला धरून राहतो आणि मागचा घसरून बाहेर जातो. तेव्हा स्टेपनी कोणती, हे डिकी पाहून ठरत नाही, चालत्या चार चाकांकडे पाहून ठरते. मालकाने मध्यंतरी चारही रेडियल घातले असतील, तर पुस्तिकेत काही का लिहिलेले असेना, स्टेपनी रेडियलच पाहिजे.

दुसरा पेच उंचीचा, आणि यात भलेभले चकतात. आपण ठरवले रेडियल. माप १८५, रिम १५. आजच्या दुकानात विचारले तर दुकानदार आनंदाने १८५/६५ आर १५ काढून देईल. आकडे तेच. पण मधला तो ६५ आधी नव्हता. टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या शेकडा किती, हे तो सांगतो. जुन्या टायरवर हा आकडा लिहीत नसत, कारण सगळ्यांची उंची एकच धरलेली असे : शेकडा सुमारे ८०. आता त्रैराशिक मांडू. १८५ चे ८० टक्के म्हणजे १४८ मिलिमीटर. वर-खाली मिळून २९६. त्यात रिमचे ३८१ मिळवले, की चाकाची उंची ६७७ मिलिमीटर. हेच ६५ टक्क्यांनी केले तर येते ६२१. साडेपाच सेंटिमीटरांचा फरक! चार टायर उंच आणि एक बुटका. किलोमीटरभर जाताना उंच चाकाचे ४७० फेरे होतील, तर बुटक्याला ५१२ मारावे लागतील.

साध्या गाडीत हे थोडा वेळ खपून जाते. पण अनेक ई-टाइपच्या मागच्या आसात एक खास डिफरन्शियल असते. एक चाक घसरून मोकळे फिरू लागले, तर ते आतल्या तबकड्यांच्या घर्षणाने त्याला आवरते आणि दुसऱ्या चाकाला जोर देते. बुटके चाक लावले, की या तबकड्यांना वाटते, हे चाक घसरतेच आहे. मग त्या घासत राहतात, किलोमीटरमागे बेचाळीस फेरे. मुक्कामाला पोचेपर्यंत गाडी तक्रार करीत नाही. तक्रार येते ती नंतर, आणि ती दुरुस्त करण्याच्या पैशांत पाच उत्तम टायर आले असते.

तिसरा पेच वेगाचा. मापाशेजारचे अक्षर ताशी किती वेग टायर सोसतो ते सांगते : 'एस' म्हणजे १८० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०, आणि जुन्या 'व्ही'चा अर्थ २१० च्या वर. गंमत अशी, की ई-टाइप नवी असताना नियतकालिकांनी जी दीडशे मैलांची कसोटी घेतली, ती नेहमीच्या टायरांवर नव्हे, डनलॉपच्या शर्यतीच्या टायरांवर. सतत फार वेगाने जाणाऱ्यांनी तेच टायर घालावेत अशी कारखान्याची सूचना होती; त्यात पुढची चाके ६.०० ची आणि मागची ६.५० ची. मग स्टेपनी कोणत्या मापाची ठेवायची? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका चाकात नाही.

आपल्याकडे एक सोपा मोह असायचा. अँबॅसडरचा टायर ५.९०–१५, रिम तीच पंधराची. साहागंजला १९३६ पासून डनलॉपचा कारखाना, मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा, पुढे भांडुपला सीएटचा. त्यामुळे असला टायर गल्लोगल्ली मिळे. परदेशी गाड्यांच्या मालाला आयातीचे परवाने लागत. तो टायर ई-टाइपच्या रिमवर चढतो, हवा धरतो, दिसायलाही बरा दिसतो. पण ताशी शंभरच्या आतबाहेर जाणाऱ्या कुटुंबाच्या मोटारीसाठी तो केलेला. नेहमीच्या गॅरेजपर्यंत, चाळीसच्या वेगाने, इतके त्याच्याकडून घ्यावे. महिनोन्महिने तोच चालवणारे धाडसी लोक असतात. माझे त्यांच्याशी जमायचे नाही.

ट्यूबचे एक सांगून पुढे जातो. तारांच्या चाकाला रिममध्ये प्रत्येक तारेसाठी भोक असते, म्हणून तिथे ट्यूबशिवाय गत्यंतर नाही. ट्यूब घालायची तर टायर आतून गुळगुळीत हवा. ट्यूबलेसच्या आत कधी बारीक रेघोट्या असतात, त्यांनी ट्यूब घासून फुटते. तारांच्या टोकांवर रबरी पट्टी, आणि आत शंखजिऱ्याची पूड. जुन्या पंक्चरवाल्याला हे सांगावे लागत नाही, नव्याला सांगावे लागते.

आता सर्वांत वाईट गोष्ट सांगायची राहिली. ती म्हणजे वय.

समजा, फळी उचलली आणि खाली मूळचाच डनलॉप निघाला. १९६२ सालचा. नक्षी पूर्ण, कधीच रस्त्याला न लागलेला. मालकाला आनंद होतो, आणि संग्राहकांच्या प्रदर्शनात परीक्षक अशा मूळ स्टेपनीला मान डोलावतात. पण तो टायर टायर राहिलेला नसतो. रबरावर हवेतला प्राणवायू आणि ओझोन सतत काम करीत असतात. त्यांना रोखण्यासाठी रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. पण टायर फिरतो, दबतो, लवतो तेव्हाच ते पृष्ठभागावर येत राहतात. स्टेपनी फिरतच नाही. म्हणजे जी चाके झिजतात त्यांना थोडे संरक्षण मिळते, आणि जी जपून ठेवली ती आतल्या आत वाळत जाते. नक्षी पाहून टायरची पारख करण्याची आपली सवय इथे दगा देते.

हे किती गंभीर आहे, याचा दाखला स्पोर्ट्स गाडीचा नाही, एका बसचा आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. तिघे गेले. पुढच्या चाकाचा टायर फुटला होता. त्याचे वय निघाले एकोणीस वर्षांहून अधिक, म्हणजे त्या बसपेक्षाही जास्त. नक्षी पुरेशी होती, त्यामुळे तेव्हाच्या कायद्यात तो बसत होता. मृतांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षे सरकारचा पिच्छा पुरवला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या आसावर दहा वर्षांपेक्षा जुना टायर बेकायदा ठरला. खासगी मोटारींना हा नियम लागू केला गेला नाही. तिथे ज्याने त्याने पाहायचे.

पाहणे अवघड नाही. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडे उमटवतात. २३०९ असे लिहिलेले असेल, तर २००९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर टायर त्याआधीचा. पुढे वाचायची गरज नाही. मूळ डनलॉप सापडला तर माझे मत विचाराल तर तो भिंतीवर टांगावा. प्रदर्शनाच्या दिवशी पाहिजे तर डिकीत ठेवावा, आणि घरी येताना दुसरा.

काही गाड्यांनी तर स्टेपनीचा प्रश्न आणखीच अवघड करून ठेवला. १९६७ साली अमेरिकेत पाँटियॅक फायरबर्डला घडी करून ठेवायची स्टेपनी मिळू लागली. सत्तरीच्या दशकात पोर्शे ९११ मध्ये पेट्रोलची टाकी मोठी करायची म्हणून असाच बिनहवेचा, सुरकुतलेला टायर आला, आणि त्याच्याबरोबर बॅटरीवर चालणारा छोटा पंप. पंप टिकतो, टायर घडीच्या जागी चिरतो. फेरारी ३०८ मध्ये सायकलशी नाते सांगणारे अरुंद, अठरा इंची चाक असे. असा टायर आता शोधून सापडावा लागतो. मिशेलिनने १९७५ च्या सुमारास टी. आर. एक्स. नावाची पद्धत काढली, तिच्यात रिमही मिलिमीटरांत : ३९० मिलिमीटर, म्हणजे १५.३५ इंच. पंधराचा टायर तिच्यावर चढत नाही आणि सोळाचा बसत नाही. अशा रिमा घेऊन आलेल्या फेरारी आणि बी. एम. डब्ल्यू. गाड्यांचे मालक एक तर त्या कंपनीच्या पुन्हा निघणाऱ्या टायरांची वाट पाहतात, नाही तर पाचही रिमा बदलतात.

सुदैवाने जुन्या मापांना वाली आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या अथेन्स गावी हॅरल्ड कोकर यांनी १९५८ साली टायरचे दुकान काढले. पुढे जुने साचे मिळवून जुन्या नक्षीचे टायर नव्या रबरात पाडण्याचा उद्योग त्यातून उभा राहिला. इंग्लंडातही असे विक्रेते आहेत. डनलॉप, मिशेलिन, पिरेली यांची जुनी मापे आजच्या तारखेचा शिक्का घेऊन पुन्हा मिळतात. नक्षी १९६१ ची, रबर यंदाचे.

मुंबईत हॉर्निमन सर्कलहून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते तेव्हा तिथल्या मालकांशी बोलून पाहा. रंग, क्रोमियम, कातडे, सगळे इथे होते. टायरचे नाव काढले की सुस्कारा. २०२० च्या जूनमध्ये नव्या टायरांची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकली, तेव्हा तो सुस्कारा आणखी लांबला. २०२१ साली आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम झाले आणि गाडी मूळ रूपात असावी अशी अट आली. नव्या मोटारींचे उलटे : हवेचा दाब सांगणारे यंत्र आणि पंक्चर काढण्याचे साहित्य दिले असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सवलत २०२० मध्येच मिळाली. लानेलीच्या त्या रस्त्यावरून निघालेले चाक नव्या गाड्यांतून असे हळूहळू उतरते आहे.

जुन्या गाडीतून ते उतरवता येत नाही. तेव्हा ज्याला ई-टाइप, एम. जी. किंवा ट्रायम्फ चालवायची आहे, त्याने टायर मागवताना चार मागवू नयेत, पाच मागवावेत. एकाच कंपनीचे, एकाच विणीचे, एकाच मापाचे, आणि जमले तर एकाच तारखेचे. पुढे-मागे चाके सारख्याच मापाची असतील, तर वर्षातून एकदा स्टेपनीला खाली उतरवून फिरणाऱ्या चाकांत घ्यावे आणि त्यांतले एक डिकीत निजवावे. पाचही सारखे झिजतील, सारखे म्हातारे होतील, आणि एकदमच बदलता येतील. डिकीतल्या चाकात हवा थोडी जास्त भरून ठेवावी. कमी करता येते, रात्री घाटात वाढवता येत नाही. आणि मधला नट सोडवण्याचा तांब्याचा हातोडा त्याच्याजवळच ठेवावा, घरी खुंटीला नव्हे.